डिफचा आवाज: पाना उचलण्याआधी ऐका

डिफरेन्शियल (थोडक्यात डिफ), म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, आवाज आला म्हणून लगेच उतरवायला घेऊ नका. आवाज नेमका कधी येतो ते आधी नीट ऐका. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घूंऽ होतं आणि पाय काढल्यावर सूर बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीवर. पाय दाबा की सोडा, घरघर तशीच राहत असेल तर बेअरिंग. आणि वळणावर एका बाजूला भार आला की ती वाढत असेल, तर बहुतेक व्हील बेअरिंग गेलंय. डिफ बिचारं निर्दोष. हळू वेगात घट्ट वळणावर थरथर होते आणि डिफ क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारं) आहे? मग पुष्कळदा योग्य ऑइल आणि त्यात घालायच्या फ्रिक्शन मॉडिफायरवरच (घर्षण जुळवणाऱ्या द्रव्यावर) भागतं.

ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का बघा. तो जाम आणि खालचा, ऑइल काढायचा उघडून बसलात, तर गाडी जागेवरच! प्लगच्या चुंबकावर लोण्यासारखा मऊ राखाडी थर चालतो. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर मात्र उघडावंच लागेल.

पिनियन बेअरिंग बदलताना क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपून बेअरिंगवर योग्य दाब ठेवणारी नळी) नवीच घ्या. नट जास्त आवळला गेला तर सैल करून जमत नाही, पुन्हा नवी स्लीव्ह. बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली ढील, डायल गेजनेच (काट्याच्या मापयंत्राने) मोजा, हाताच्या अंदाजाने नाही; दातांना मार्किंग कंपाउंड (रंगीत पेस्ट) लावून दात कुठे टेकतात त्याचा ठसाही बघा. गेज नसेल तर काढणं-बसवणं तुम्ही करा, सेटिंग जाणकाराकडून करून घ्या.