सांगलीच्या भडंगात शेंगदाणे नेहमी तळाशीच का सापडतात?

पुडा भरणाऱ्याचा यात दोष नाही, वाटेतल्या हादऱ्यांचा आहे. प्रत्येक धक्क्याला चिरमुरे क्षणभर उचलले जातात आणि मध्ये फटी पडतात. मोठ्या फटीपेक्षा बारीक फट पडण्याची शक्यता कितीतरी जास्त, म्हणून तिखट-मीठ सगळ्यात आधी खाली झिरपतं. शेंगदाण्याचं कारण वेगळं आहे. चिरमुरा पोकळ, शेंगदाणा भरीव. तो वजनाने चिरमुऱ्यांना बाजूला सारत उतरतो.

खरी गंमत पुढे आहे. घनतेत फारसा फरक नसेल तर उलटंच होतं, मोठे दाणे वर येतात! याला 'ब्राझील नट परिणाम' म्हणतात. १९९३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की हलणाऱ्या भांड्यात दाणे मधून वर चढतात आणि कडेच्या अरुंद पट्ट्यातून खाली येतात. मोठा दाणा वर पोचतो, पण त्या पट्ट्यात मावत नाही, म्हणून वरच अडकतो. इतकी साधी गोष्ट, पण मला ती फार सुंदर वाटते.

पुडा फोडण्याआधी आडवा धरून हळूच दोन-तीनदा लोळवा. उभा धरून हलवलात तर शेंगदाणे आणखी खाली जातील.