कोळंबीची ॲलर्जी आणि कायटोसानची पट्टी

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाच्या जखमेसाठी डॉक्टरांनी कायटोसानयुक्त पट्टी सुचवली आहे. हा पदार्थ कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात असे कळले. वडिलांना कोळंबीची ॲलर्जी आहे, तेव्हा ही पट्टी चालेल का? आणि तिने जखम खरोखर लवकर भरते का?

उत्तर : ॲलर्जीची गोष्ट पट्टी लावण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः तिच्या मांसातील ट्रोपोमायोसिनसारख्या प्रथिनांमुळे होते, तर कायटोसान ही साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी आहे. कवचातला चुना आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढल्यावर कायटिन उरते. ते तीव्र अल्कलीत तापवले की कायटोसान मिळते. वैद्यकीय वापरासाठी ते आणखी शुद्ध करतात, त्यामुळे धोका कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. बुरशीपासून केलेले कायटोसानही मिळते, त्याबद्दल जरूर विचारावे.

या पदार्थाची खरी करामत दिसते ती वाहते रक्त थांबवण्यात. कायटोसानवर धनभार असतो आणि तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार. त्यामुळे रक्त लागताच पट्टी ओलसर, चिकट होते, पेशी तिला धरून एकमेकींना बिलगतात आणि जखमेच्या तोंडावर बूच बसते. ही क्रिया शरीराच्या नेहमीच्या गोठण-साखळीवर फारशी अवलंबून नसल्याने हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिलेल्या रक्तातही ती घडू शकते. अमेरिकेत अशा पट्टीला 2002 साली मान्यता मिळाली आणि पुढे रणांगणावरील जखमींसाठी ती वापरली गेली. अर्थात तिथेही पट्टी नुसती ठेवून भागत नाही, वरून घट्ट दाब द्यावाच लागतो.

जखम भरण्याचा दावा मात्र जरा हात राखूनच स्वीकारावा. कायटोसान जखमेत ओलावा टिकवते, काही जिवाणूंना आवर घालते आणि शरीरातील लायसोझाइम या विकराने हळूहळू विघटित होते. हे सारे उपकारक आहे. परंतु मधुमेही पायाची जखम रेंगाळते ती पट्टीअभावी नव्हे. रक्तातील साखर चढलेली असते, रक्तपुरवठा अपुरा असतो, बधिर पायावर दाब पडत राहतो किंवा मृत ऊती तशाच राहिलेल्या असतात. यांकडे दुर्लक्ष करून केवळ पट्टी बदलत राहणे म्हणजे गळते छप्पर तसेच ठेवून खाली भांडी मांडत बसणे होय.

बाजारात मिळणारी कायटोसानची आहारपूरक भुकटी जखमेवर टाकू नये, ती निर्जंतुक नसते. पट्टी चिकटून बसल्यास ओढून काढू नका. निर्जंतुक सलाइनने भिजवून ती सैल होऊ द्या. पट्टीखाली खाज, पुरळ किंवा वाढती लाली दिसली, तर ती काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला किंवा ओठ सुजले, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.