नवरा अमेरिकन नागरिक, फाईल टाकून ७ महिने झाले, मी मुंबईत. घरचे म्हणतात आता काय, होईलच महिन्या दोन महिन्यात. नोकरी आत्ताच सोडू का? की टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच अर्ज करू? आणि नागरिकत्व किती वर्षांनी मिळतं?

नका सोडू. पासपोर्टवर व्हिसा चिकटून तो पासपोर्ट हातात येईपर्यंत नोकरी सोडायची नाही, तिकीट काढायचं नाही, गाडी विकायची नाही. मी तिन्ही केलं होतं म्हणून सांगतोय.

खरं तर उत्तर लिहिणार नव्हतो, सुट्टीवर मुलुंडला आलोय, आईने आमरस केलाय, पण तुमच्या प्रश्नातलं "घरचे म्हणतात आता काय, होईलच महिन्या दोन महिन्यात" हे वाचलं आणि डोकंच फिरलं. महिना दोन महिने हे शब्द मी २०१९ पासून २०२१ पर्यंत रोज ऐकलेत.

माझी केस तुमच्या उलटी. बायको अमेरिकन नागरिक, मी मुलुंडचा, ठाण्यात एका फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. लग्न डिसेंबर २०१८, महापालिकेच्या टी वॉर्डात नोंदणी, फेब्रुवारी २०१९ ला तिने आय-१३० भरला, म्हणजे जोडीदाराला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज. सोसायटीत तेव्हापासून माझं नाव पडलं, "मुलगा सासरी चाललाय". मुलगी दोन वर्षं माहेरी राहिली की लोक आडून आडून विचारतात, मुलगा राहिला की तोंडावर विचारतात आणि वर हसतात. असो.

त्यात आमचा मामा. मामाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "तुझ्याकडे १० वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे ना, मग जा की फिरायला म्हणून, तिथे गेल्यावर फाईल कर, कोण विचारतंय." व्हिसा होता खरा, २०१६ ला कंपनीच्या ऑडिटसाठी गेलो होतो तेव्हाचा बी१/बी२, म्हणजे कामाला आणि फिरायला दोन्हीला चालणारा. मामाच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी जावयाने असंच केलं होतं म्हणे. मामाकडच्या प्रत्येक सल्ल्यात कुणाचा तरी जावई असतोच. मी नाही म्हटलं. एअरपोर्टवरचा ऑफिसर विचारणार कशाला आलात, मी सांगणार दोन आठवडे फिरायला, आणि मनात कायमचं राहायचं असणार, म्हणजे सरळ सरळ खोटं. खोटं सांगून आत शिरल्याचा ठपका बसला तर आयुष्यभराची बंदी लागू शकते. माफीचा अर्ज असतो, पण तो करायची वेळ शत्रूवर येऊ नये. आणि ताई, तुमच्याकडे टुरिस्ट व्हिसा आधीचा नसेल तर हा प्रश्नच निकालात निघाला, कारण त्या फॉर्मवर स्पष्ट विचारतात की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन (म्हणजे हाच आय-१३० वगैरे) भरलंय का. हो लिहिलंत की बहुतेक २१४(ब) खाली, म्हणजे परत याल याची खात्री नाही या कलमाखाली, नाही म्हणून परत पाठवतात, नाही लिहिलंत तर खोटं.

तर मी सरळ रस्त्याने गेलो. नोव्हेंबरमध्ये आय-१३० मंजूर, मग नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे मंजूर फाईलची फी आणि कागदपत्रं घेणारं त्यांचं ऑफिस, तिथे केस नंबर मिळाला, सुरुवात "बीएमबी" ने. बॉम्बेचा बीएमबी. शहराचं नाव १९९५ ला बदललं तरी अमेरिकेच्या कॉम्प्युटरला कुणी कळवलंच नाहीये.

मग कागदपत्रं. इथे मामा परत येतो. माझा जन्म झाला तेव्हा बाबा फिरतीवर, म्हणून जन्माची नोंद करायला मामा गेला. त्याने आईच्या नावाच्या रकान्यात बहिणीचं जे नाव त्याच्या तोंडात होतं तेच लिहून दिलं, म्हणजे माहेरचं. आईचं नाव लग्नात बदललेलं, ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात तसं, रीतसर. रेशनकार्डावर सासरचं, माझ्या पासपोर्टवर सासरचं, आणि जन्मदाखल्यावर एक तिसरीच बाई माझी आई. ३० वर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. शिवाय माझ्या नावाचा रकाना कोरा, तेव्हाचे बरेच दाखले तसेच असायचे. वॉर्ड ऑफिसला पाच चकरा मारल्या तेव्हा नाव चढलं, पण आईचं नाव बदलायला ते तयार होईनात, म्हणाले या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं ॲफिडेव्हिट करा. माझ्या जन्माच्या वेळी जिवंत आणि शहाणं असलेलं नात्यातलं माणूस हवं होतं. शहाणं सोडा, जिवंत मामाच होता. नोटरीच्या टेबलावर सही करताना मला म्हणतो, "बघ, माझ्याशिवाय तुझी अमेरिका होत नाही." अरे तुझ्यामुळेच तर इथे बसलोय.

फेब्रुवारी २०२० ला इंटरव्ह्यूचं पत्र आलं. एप्रिलची तारीख, बीकेसीतली अमेरिकन वकिलात. त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन राजीनामा, नोटीस पिरियड संपणार ३१ मार्चला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेडिकल केलं, छातीचा एक्स-रे, लहानपणी न घेतलेल्या आणि घेऊनही कागद नसलेल्या सगळ्या लसी. बाईक विकली, बी विंगमधल्याच एकाला, स्वस्तात. १६ मार्चला मेल, इंटरव्ह्यू रद्द. पुढच्या आठवड्यात लॉकडाऊन.

एचआरला फोन केला, राजीनामा मागे घेतो म्हटलं, तर म्हणे तुमच्या जागी माणूस घेतला. फार्मा कंपन्या तेव्हा दिवसरात्र चालू होत्या, सगळ्या मुलुंडमध्ये वर्क फ्रॉम होम चाललेलं, आणि मी एमएस्सी केमिस्ट्री, मित्राच्या मेडिकलवर सॅनिटायझरच्या बाटल्या आणि मास्क विकत होतो. अत्यावश्यक सेवेचा पास तेवढा मिळाला. संध्याकाळी घरी आलो की माझी बाईक समोर उभी. तो बी विंगवाला ती पुसायचाही नाही. एकदा रात्री खाली जाऊन मीच पुसली, वॉचमनने बघितलं, काही बोलला नाही.

बायको येऊ शकत होती असं वाटेल, तिच्याकडे ओसीआय होतं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना विनाव्हिसा येऊ देणारं कार्ड. पण १३ मार्चपासून भारताने ओसीआयवाल्यांचा विनाव्हिसा प्रवासही थांबवला होता. म्हणजे मी अमेरिकेच्या दारात अडकलेलो, ती भारताच्या. तिच्याकडे सकाळ तेव्हा माझ्याकडे रात्र, दोघंही दमलेले, आणि भांडण कशावरून तर तू कॅमेरा नीट का धरत नाहीस. अशी भांडणं तुमची होत असतील तर होऊ द्या, त्याचा फाईलशी संबंध नाही. ती दिवाळीला आली तेव्हा लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि एकत्र राहिलेले दिवस मोजले तर तीन महिने पण भरले नसते.

आणि या सगळ्या काळात दर रविवारी मामाचा फोन. "माझं ऐकलं असतंस तर २०१९ लाच गेला असतास." दर रविवारी! गणपतीत आरती झाल्यावर, आईच्या वाढदिवसाला, कोविडची टेस्ट करून आलो तर रिपोर्टच्या आधी हे.

इंटरव्ह्यू शेवटी मार्च २०२१ ला झाला. मेडिकल परत केलं कारण ते साधारण ६ महिनेच चालतं, पैसेही पुन्हा भरले. लोकल तेव्हा सामान्य माणसाला सकाळी ७ च्या आधी, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतरच. माझी वेळ साडेआठची, म्हणून ६ च्या आधीची गाडी पकडून कुर्ल्याला उतरलो, ३१० नंबरची बस, आणि बीकेसीच्या फूटपाथवर दोन तास फाईल मांडीवर घेऊन. मोबाईल नेऊ नका, आत घेत नाहीत. खिडकीवर बाईंनी हात वर करून शपथ घ्यायला लावली, मग कसे भेटलात, ती काय करते, मधल्या काळात कितीदा भेटलात, आणि जन्मदाखला बघून विचारलं, ही आई कोण? मी ॲफिडेव्हिट पुढे केलं. बाईंनी वाचलं, मान डोलावली, अप्रूव्ह्ड. जेमतेम सात-आठ मिनिटं. दोन वर्षं कशासाठी वाट बघितली तेच कळेना.

आता यातली एक गंमत, जी मामाला अजून पचलेली नाही. अमेरिकेत पाऊल ठेवता त्या दिवशी लग्नाला २ वर्षं पूर्ण नसतील तर २ वर्षांचंच कंडिशनल (अटीवरचं) ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून लग्न खरं असल्याचे पुरावे परत द्यावे लागतात. पूर्ण झाली असतील तर थेट १० वर्षांचं. मी एप्रिल २०२१ ला उतरलो, लग्नाला २ वर्षं ४ महिने. १० वर्षांचं कार्ड! मामाच्या रस्त्याने २०१९ ला गेलो असतो तर २ वर्षांचं मिळालं असतं आणि परत सगळी फाईल. तुमचाही व्हिसा लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास येत असेल तर व्हिसाची मुदत बघून विमान चार दिवस पुढे ढकला, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे.

नागरिकत्वाचं थोडक्यात. नागरिक जोडीदारासोबत संसार चालू असेल तर कार्डानंतर ३ वर्षांनी, एरवी ५. अर्ज ९० दिवस आधी टाकता येतो. त्या ३ वर्षांतले किमान १८ महिने प्रत्यक्ष तिथे काढलेले हवेत, आणि एका दमात ६ महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर प्रश्न निघतात, म्हणून बाळंतपणाला आठ महिने माहेरी येईन वगैरे बेत असेल तर आधी विचार करा. मी जानेवारी २०२४ ला टाकला. मला १०० प्रश्न पाठ करायचे होते, १० विचारतात, ६ बरोबर हवेत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ पाठ, २० विचारतात, १२ हवेत. तिथलं नागरिकत्व घेतलं की इथलं आपोआप जातं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९, मग पासपोर्ट रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. ओसीआयवर मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली चालते. मामा गावच्या सातबाऱ्याचं विचारत होता, म्हणून हेही पाठ आहे.

खर्चाचं विचारलं नाहीत पण सांगतो, आमचे सरकारी फीचेच १२०० डॉलर झाले, ५३५ आय-१३० चे, मग व्हिसा सेंटरचे ३२५ आणि १२०, शेवटी कार्डाचे २२०. मेडिकल दोनदा ते वेगळं. एप्रिल २०२४ पासून आय-१३० कागदावर ६७५, ऑनलाइन ६२५.

आता जरा पाठीमागचं. मी वकील नाही. तिथे आधीच कायदेशीर शिरलेला माणूस, ज्याचा बेत तिथे गेल्यावर खरंच बदलला, त्याला नागरिक जोडीदाराच्या जोरावर तिथेच अर्ज करता येतो, ते बेकायदेशीर नाही, त्यामुळे मामाच्या ऑफिसातला जावई कदाचित चोर नसेलही. आणि नवरा नक्की नागरिक आहे ना, की ग्रीन कार्डवाला? लग्न जमवताना लोक दोन्हीला "अमेरिकेत सेटल" म्हणतात. नागरिकाच्या जोडीदाराला कोटा नसतो, कार्डवाल्याच्या जोडीदाराला असतो, आणि मग आपला नंबर लागला का यासाठी दर महिन्याचं सरकारी व्हिसा बुलेटिन बघत बसायचं. किती महिने लागतील हे मला विचारू नका, माझे आकडे २०१९ चे आहेत, सरकारी साईटवर आत्ताचे आहेत.

आणि आणखी एक, लिहायचं नव्हतं पण तो हॉलमध्ये बसून आमरस खातोय म्हणून लिहितो. राजीनामा देऊ नकोस असं मला घरात फक्त एका माणसाने सांगितलं होतं. "पत्र आलंय, व्हिसा नाही आला," असं म्हणाला होता, आणि मी त्याला म्हटलं होतं तुला यातलं काय कळतं. हे मी त्याच्याकडे कबूल केलेलं नाही, करणारही नाही, कारण मग रविवारचा फोन परत चालू होईल.

तर नोकरी चालू ठेवा, रजा साठवा, बॉसला काही सांगू नका. आणि आज रात्री कपाटातून जन्मदाखला काढा आणि आईच्या नावाचा रकाना बघा.