वाचकांचे प्रश्न : डीरॅम जागी होण्याआधीची मेमरी

प्रश्न : बूटलोडरच्या (बोर्ड चालू होताच धावणारा प्रोग्राम) पहिल्या टप्प्यात, डीरॅम ही मुख्य मेमरी चालू होण्याआधी, ८ केबीचा हीप (कोड मागेल तशी द्यायची मेमरी) ठेवलाय. एक ड्रायव्हर वाढवला आणि बोर्ड मधूनच अडकू लागला. घेतलेली मेमरी फ्री करूनही जागा परत मिळत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : फ्रीचं आधी. या टप्प्यात पुढची मोकळी जागा दाखवत फक्त पुढे सरकणारा साधा पॉइंटरच बरा. यू-बूट या बूटलोडरमधला सुरुवातीचा मॅलॉकही (मेमरी मागण्याचं फंक्शन) तसाच आहे, तिथे फ्री नावापुरतं. त्यामुळे लूपमध्ये मॅलॉक नकोच.

अडकण्याबद्दल आमचा पहिला संशय तपासणीच्या क्रमावर. हीपचे ८१९२ पैकी ८१०० बाइट गेलेत, तुम्ही ९० मागितले. उरलेत ९२, म्हणून होकार मिळतो. मग १६ च्या पटीत आणताना, म्हणजे अलाइन करताना, पॉइंटर ८११२ वर जातो आणि शेवट येतो ८२०२ वर. १० बाइट हद्दीबाहेर! पलीकडे स्टॅक (फंक्शनचे परतीचे पत्ते ठेवणारी मेमरी) असेल तर परतीचा पत्ताच पुसला जातो. म्हणून आधी अलाइन करा, पॉइंटर हद्दीत आहे ना ते बघा, मगच ‘मागणी > हद्द − पॉइंटर’ तपासा. बेरीज करून तपासू नका. मोठ्या मागणीत ती उलटून लहान होते. अलाइनमेंट टाळूही नका : एआरएम प्रोसेसरवर एमएमयू (मेमरीच्या पत्त्यांचं भाषांतर करणारं युनिट) बंद असताना वेडावाकडा ॲक्सेस थेट फॉल्ट देतो.

हीपचा पॉइंटर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये आहे का? बीएसएस (शून्यापासून सुरू होणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा) अजून शून्य केलेला नसेल तर त्यात कचरा असतो. पॉइंटर स्टार्टअप कोडने स्वतः भरलेल्या स्ट्रक्चरमध्ये ठेवा. आणि डीरॅममध्ये स्थलांतर झाल्यावर एसरॅम या चिपमधल्या छोट्या मेमरीतले जुने पॉइंटर वापरू नका.