कट्यार: रंगमंचावरची आणि पडद्यावरची

फोंड्याहून एक कॉलेजकन्या लिहिते: ‘कट्यार काळजात घुसली’ हा सिनेमा मी आधी पाहिला आणि नाटक नंतर, गावच्या जत्रेत आमच्याच मंडळाने केलेलं. आजोबा म्हणतात, सिनेमाने कट्यारीची धार घालवली. मला सिनेमाच जास्त आवडला. खरी कट्यार कोणती?

बाय, आवडला तर आवडला, त्याला आजोबांची परवानगी कशाला? पण ते का चिडतात ते मी सांगू शकतो. मी त्यांच्याच वयाचा, आणि जन्म सगळा ऑर्गनमागे बसून संगीत नाटकं वाजवण्यात गेला.

नाटक रंगमंचावर आलं डिसेंबर १९६७ मध्ये. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची, संगीत आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, सदाशिवच्या भूमिकेत आपल्या गोव्याचे प्रसाद सावकार. सिनेमा आला नोव्हेंबर २०१५ मध्ये, सुबोध भावे यांचा. त्याच्या पाच वर्षं आधी भावे यांनीच हे नाटक पुन्हा उभं केलं होतं. त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले होते आणि अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे सदाशिव. तेव्हा सिनेमावाल्यांना नाटक कळलंच नाही, असं आजोबा म्हणाले तर हे त्यांना ऐकव.

आता मुद्द्याचं. कट्यार ही दोन गायकींच्या झुंजीची गोष्ट: एकीकडे पंडितजी आणि त्यांचा शिष्य सदाशिव, दुसरीकडे खाँसाहेब. विश्रामपूरच्या दरबारात जो जिंकेल त्याला हवेली, मान आणि एक खून माफ असलेली कट्यार. रंगमंचावर ही झुंज रोज नव्याने होते, आणि खरोखरची होते. नट तोच, गळाही त्याचाच. खाँसाहेबांची तान त्या रात्री बसली नाही तर ती सगळ्यांसमोर बसत नाही. ‘घेई छंद मकरंद’चे शब्द दोन्ही घराण्यांच्या तोंडी सारखेच. पण एकीकडे सूर निवांत ठेवत, शब्दांना गोंजारत जाणारी चाल, तर दुसरीकडे तानांच्या फैरी. अभिषेकीबुवांनी भांडणाचं सगळं कारण त्या दोन चालींत भरून ठेवलं. कोण कुणावर का जळतो, हे सांगायला वेगळा प्रवेश लागत नाही.

आमच्या बाजूच्या एका गावात जत्रेच्या प्रयोगाला सदाशिव झालेला पोरगा खाँसाहेबांपेक्षा सरस गायला. खाँसाहेब होते गावचे मानकरी, त्यांना ती भूमिका द्यावीच लागली होती. तिसऱ्या अंकात सदाशिव ‘मला तुमची विद्या हवी’ अशा अर्थाचं बोलायला लागला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “तुका कित्याक रे, तुजी बरी आसा!” (तुला कशाला रे, तुझी चांगली आहे!) मांडव हसून लोळला. खाजे विकणारीसुद्धा टोपलीवरचा हात काढून हसत होती. पोरगा खाली मान घालून उभा. मी काळी चारचा सूर धरून तसाच भाता मारत राहिलो, तबलजी माझ्याकडे बघेना. नाटक तिथेच एका बाजूला कललं ते शेवटपर्यंत सावरलं नाही. सिनेमात असं कधी होणार नाही. बरं की वाईट, तू ठरव.

कारण सिनेमात झुंजीचा निकाल स्टुडिओत लागलेला असतो. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा, आवाज राहुल देशपांडे यांचा. सदाशिवचा चेहरा भावे यांचा, आवाज महेश काळे यांचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन तेवढे स्वतः गाणारे, आणि त्यांच्या प्रवेशांत पडदा एकदम जिवंत होतो ते उगाच नाही. बाकी ठिकाणी प्रेक्षकाला माहीत असतं की इथे कुणाचाच सूर घसरणार नाही. धोका गाण्यातून गेला की तो कथानकात आणावा लागतो. म्हणून सिनेमात पंडितजी पूर्वार्धभर डोळ्यांपुढे राहतात, पोटात गेलेल्या शेंदराने त्यांचा आवाज जाताना आपण पाहतो आणि सदाशिव सूड घ्यायला हवेलीत शिरतो. आजोबांना हा मसाला वाटतो. मला ती गरज वाटते. धार गाण्यात उरली नाही, तर कुठेतरी लावायलाच हवी.

हेही सांगतो, सिनेमाने एक गोष्ट आम्हाला दाखवली जी रंगमंचावर दिसतच नाही. आवाज गेलेल्या गवयाचा गळा. ओठ हलताहेत, शीर फुगली आहे, आणि आत काही नाही. कॅमेरा वीतभर अंतरावर गेल्याशिवाय ते कळणार कसं? रंगमंचावर तिसऱ्या रांगेपलीकडे ते पोचलं नसतं.

गाण्यांबद्दल आजोबांशी मी अर्धा सहमत. सिनेमाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी जुनी काही पदं ठेवली आणि नवी गाणी घातली. ‘सूर निरागस हो’ आता चवथीला गल्लोगल्ली ऐकू येतं. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच मिळाला. ते गाणं ऐकताना बुवांची तालीम कानाला लागते. पण ‘सुरत पिया की’ पडद्यावर आटोपशीर होते, तिला व्हावंच लागतं. नाटकात ती गवयाच्या मर्जीवर. समोरून ‘वाहवा’ आली की तो माझ्याकडे न बघता डावा खांदा किंचित उचलायचा. त्याचा अर्थ ‘थांबू नको, अजून एक फेरी’. वन्समोअर आला तर विचारायलाच नको. घरी जायची घाई असलेल्यांचा मी कायम राग राग केला.

तू आता एक कर. ‘घेई छंद’ची जुनी दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐक, मोबाइलवर नको, बऱ्या स्पीकरवर. मग आजोबांशी भांड. आता तुला सिनेमाच खरा वाटतो, कारण पहिली भेट त्याची. आजोबांचंही तेच आहे.

डिचोलीहून एक संगीत शिक्षिका विचारतात: शाळेच्या संमेलनात मुलांकडून कट्यारीतलं एक गाणं बसवायचं आहे. सिनेमातलं घ्यावं की नाटकातलं?

मॅडम, ‘सूर निरागस हो’ घेतलंत तर शेजारच्या तीन शाळांनीही तेच घेतलेलं असेल. तरी घ्या. समूहाला शोभणारं आहे, आणि पालक सोबत गातील. नाटकातली तानांची पदं मात्र मुलांच्या गळी उतरवू नका. आठवीतल्या पोराने वसंतरावांची नक्कल केली की टाळ्या पडतात आणि पुढे दोन वर्षं त्याचा सूर जागेवर येत नाही. जुन्यापैकीच हवं असेल तर ‘दिन गेले भजनाविण सारे’ बघा. एक पेटी, एक तबला, कराओके बंद.

मडगावहून एक वाचक लिहितात: २०२५ मध्ये आलेला ‘संगीत मानापमान’ हा सिनेमा पाहिला. नाव तेच, पण चाली नव्या. हा खाडिलकरांचा अपमान नाही का?

खाडिलकरांचं मूळ नाटक १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. पन्नासच्या वर पदं. तेवढी कुठलाच सिनेमा पेलणार नाही, आजचा प्रेक्षक तर नाहीच. मूळ नाटकसुद्धा आता कोणी अख्खं करत नाही. पदं गाळूनच प्रयोग लागतो, आणि गाळताना भांडणं होतात ती वेगळी.

राहिला चालींचा प्रश्न. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर त्यातल्या नायकाची, धैर्यधराची भूमिका करू लागले, तेव्हा त्यांनी त्यातल्या काही पदांच्या चाली आपल्या गळ्याला मानवतील अशा बदलून घेतल्या. तेव्हाही जुन्या श्रोत्यांनी नाकं मुरडली असतीलच. आज मात्र ‘शूरा मी वंदिले’ म्हटलं की आपल्याला दीनानाथच आठवतात. चाल बदलणं हा गुन्हा असेल, तर आरोपींच्या रांगेत पहिलं नाव आपल्याच गावचं.

माझी तक्रार दुसरीच आहे. दीनानाथ चाल बदलून ती स्वतः उभे राहून गायले, रोज, गावोगाव. चाल पचते की नाही, हे श्रोत्यांनी तोंडावर सांगितलं. सिनेमाच्या चालीला ती संधी नसते. आवडली नाही तर लोक थिएटरातून उठून जातात, एवढंच. नवी चाल चांगली की वाईट, ते कुणीतरी ती जत्रेत पेटीवर गाऊन दाखवेल तेव्हा समजेल. अजून तरी माझ्या ऐकण्यात कुणी गायलेली नाही.

पेडण्याहून एक वाचक विचारतात: संगीत नाटकाला कुठल्या रांगेत बसावं?

साथसंगतीच्या बाजूला, पाचव्या-सहाव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मधोमध बसणाऱ्यांना नट दिसतो. कडेच्याला नट दिसतो आणि तबलजी काय करतो तेही दिसतं. पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी असतात आणि मध्यंतरानंतर रिकाम्या होतात. तेव्हा पुढे सरकायला हरकत नाही, कुणी काही बोलत नाही.