स्कूटरच्या मोटरमधलं चुंबक येतं कुठून?

प्रश्न : मुलीला कॉलेजसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची म्हणतोय. माझे दीर म्हणतात, इतके दिवस पेट्रोलसाठी अरबांच्या तोंडाकडे बघत होतो, आता चुंबकासाठी चीनच्या तोंडाकडे बघायचं, एवढाच काय तो फरक. हे खरं का? आणि केरळ-ओडिशाच्या वाळूत या चुंबकांना लागणारी दुर्मिळ खनिजं आहेत म्हणे, मग आपण ती काढत का नाही?
– एक वाचक, अकोला

उत्तर : दिरांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते अर्धं गंभीर आहे. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ (‘रेअर अर्थ’) मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यात मोटरच्या चुंबकात मिसळली जाणारी डिस्प्रोसियम आणि टर्बियम होती. जुलैमध्ये बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जाहीर सांगितलं की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुण्यातला कारखाना, माणसं, बॅटऱ्या, सांगाडे सगळं जागेवर, आणि गाडी अडते चुंबकापाशी. मोटरच्या चाचणी विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारखीला ते फार लागलं.

हे चुंबक दिसतं कसं ते सांगते. भोसरीला असताना अशा मोटरी मी खूप उघडल्या. हब मोटरचं, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटरचं, झाकण काढलं की कड्याच्या आतल्या अंगाला चकचकीत पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या दिसतात. स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला की हातातून खेचला जातो. पट्टीवर निकेलचा मुलामा असतो. कोपऱ्यावर त्याचा टवका उडाला असेल तर तिथून ती गंजते आणि बोटाला राखाडी भुकटी लागते. वजनाने जवळपास दोन तृतीयांश लोखंडच. निओडिमियम, प्रेसिओडिमियम ही मंडळी तीसेक टक्के, आणि किंचित बोरॉन. एका स्कूटरच्या मोटरमध्ये अशी चुंबकं अर्ध्या-पाऊण किलोच्या घरात.

आता तुमच्या अकोल्याचा मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश, गाडीवर दोघी, पुढे उड्डाणपुलाचा चढ. मोटरच्या आतलं तापमान शंभरीपार जातं. साध्या निओडिमियम चुंबकाचा जोर ८० अंशांच्या पुढे उतरू लागतो, आणि अति तापलं तर मोटर गार झाल्यावरही तो पूर्ण परत येत नाही. त्या उष्णतेत त्याला टिकवून धरतं ते थोडंसं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम. चीनने नेमकी तीच नस दाबली.

वाळूचं म्हणाल तर आहे. ही मूलद्रव्यं असलेलं त्यातलं खनिज म्हणजे मोनाझाइट. केरळात चवरा, ओडिशात छत्रपूर. मोनाझाइट सापडणाऱ्या राज्यांच्या सरकारी यादीत महाराष्ट्राचंही नाव आहे. पण मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, म्हणून ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं, आणि २०१९ पासून किनाऱ्यावरच्या या खनिजांचं खाणकाम सरकारी कंपन्यांपुरतंच राहिलं आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० ची, तिचा अलुवाचा कारखाना १९५२ चा. इतक्या लवकर सुरुवात करून आज आपलं उत्पादन वर्षाला तीन हजार टनांच्या आत, आणि चीनचं २०२४ मध्ये २ लाख ७० हजार टन. ही दरी मला छळते.

शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये हलकी मूलद्रव्यं भरपूर, डिस्प्रोसियमसारखी जड फारच थोडी. ती मिळतात दक्षिण चीनच्या आणि म्यानमारमधल्या काचिन प्रांताच्या डोंगरांतल्या मातीत. डोंगराला भोकं पाडून आत अमोनियम सल्फेटचं पाणी सोडतात, ते झिरपत खाली येतं, आणि त्याबरोबर खालचे ओढे नासतात. धूर न सोडणाऱ्या गाडीची ही किंमत दुसरंच कुणीतरी मोजतंय, हे आपण विसरता कामा नये.

पण खरी गाठ खाणीत नाहीच, ती पुढे आहे. ही मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या एकमेकांची इतकी जवळची की वेगळी करायला आम्ल आणि द्रावकांच्या टाक्यांतून शेकडो फेऱ्या कराव्या लागतात. मग ऑक्साइडचा धातू करायचा, मिश्रधातू ओतायचा, हवा लागू न देता त्याची काही मायक्रॉनची पूड करायची, चुंबकीय क्षेत्रात दाबायची आणि हजार अंशांच्या वर भट्टीत भाजायची. यातल्या शुद्धीकरणाचा आणि चुंबकं बनवण्याचा जगातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग चीनच्या हातात आहे. आपल्याकडे विशाखापट्टणमला २०२३ मध्ये सरकारी कारखाना सुरू झाला तो सॅमॅरियम-कोबाल्ट या वेगळ्या जातीच्या चुंबकांचा, क्षमता वर्षाला ३,००० किलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, लक्ष्य वर्षाला ६,००० टन चुंबकं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र भट्टी विकत मिळते, भट्टीवरचा अनुभवी माणूस मिळत नाही. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये हे शिक्षण आजच सुरू व्हायला हवं.

जपानला हाच चटका २०१० मध्ये बसला होता. त्यांनी पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला, आणि २०१६ मध्ये होंडा व दाइदो स्टीलने जड मूलद्रव्यांशिवाय चालणारं चुंबक गाडीच्या मोटरसाठी तयार केलं. म्हणजे मार्ग निघतो.

दिरांचं उरलेलं अर्धं मात्र मला पटत नाही. रोज पंचवीस किलोमीटर चालणारी पेट्रोल स्कूटर वर्षाला दोनशे लिटर जाळते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच मागते. चुंबक एकदाच येतं, गाडीच्या आयुष्यभर टिकतं, आणि गाडी मोडीत निघाली तरी मोटरमध्ये जसंच्या तसं असतं. टँकर थांबले तर सगळ्या गाड्या उभ्या राहतील. चुंबकं थांबली तर नव्या गाड्या अडतील, तुमच्या लेकीची चालतच राहील. गाडी खुशाल घ्या.

प्रश्न : आमच्या पठारावरच्या पवनचक्क्या आणि शेतातला सौरपंप यांनाही ही दुर्मिळ खनिजं लागतात का?
– एक वाचक, पाटण, जि. सातारा

उत्तर : सौर पॅनेलला नाही. त्यात सिलिकॉन, काच, अॅल्युमिनियम आणि थोडी चांदी. पॅनेलच्या बाबतीतही आपण चीनवर अवलंबून आहोत, पण तो प्रश्न वेगळा. पंपाची मोटर मात्र बघा : एसी इंडक्शन असेल तर चुंबक नाही, डीसी म्हणजे बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी मोटर) असेल तर आहे. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या जुन्या चक्क्या बहुतेक गिअरबॉक्सवाल्या, त्यांच्या जनित्रात ही चुंबकं नसतात. मोठ्या, विशेषतः समुद्रातल्या, बिनगिअरच्या चक्क्यांना मात्र दर मेगावॉटमागे शेकडो किलो चुंबक लागतं.

प्रश्न : माझं गॅरेज आहे. जळक्या हब मोटरी भंगारवाला तांब्याच्या भावाने नेतो. चुंबकाला काही किंमत आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आहे, आणि तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. तुमच्या भंगारातल्या किलोभर चुंबकात तीनशे ग्रॅमच्या आसपास तीच मूलद्रव्यं आहेत, ज्यांच्यासाठी काचिनमध्ये डोंगर पोखरले जातात. मोटर तशीच लोखंडाच्या भट्टीत गेली की ती मळीत जातात, कायमची. ई-कचऱ्याच्या नियमांतही पुनर्प्राप्तीची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड या चारच धातूंना मिळतात. चुंबकाला त्यात जागा नाही, ती मिळायला हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी मंजूर केले आहेत. त्यातला काही भाग तुमच्यासारख्या गॅरेजपासून माल गोळा करण्यावर खर्च झाला तरच त्याचा उपयोग.

तोवर एवढं करा. तांबं काढून घ्या, पण चुंबकांचं कडं अखंड ठेवा. पट्ट्या हातोड्याने फोडू नका, तुकडे डोळ्यात उडतात. ग्राइंडर तर अजिबात लावू नका, त्याची पूड पेट घेते. दोन कड्यांच्या मध्ये लाकडाची फळी घाला, नाहीतर बोटं चेंगरतील. कोरड्या जागी ठेवा आणि पंचवीस-तीस कडी साठली की नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण कंपनीला एकगठ्ठा भाव विचारा. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे अशा गिऱ्हाइकांना त्या कोपऱ्यापासून लांब बसवा.