मुलगी हुशार आहे, पण चाचणी कुणाकडे करायची?

पत्र: "ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तीन वर्षांची असतानाच, कुणी न शिकवता वाचायला लागली. आता 'शून्याच्या खाली काय असतं' असले प्रश्न विचारते. पण अक्षर मनासारखं आलं नाही की वही फाडते, मोज्याची शिवण टोचली म्हणून अर्धा तास रडते. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष देत नाही, शेजारच्या मुलांना त्रास देते. मोबाइलवरच्या एका चाचणीत तिचा बुद्ध्यांक १५६ आला. एकजण म्हणाले, बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगतो. नवऱ्याला चाचणी हवीच आहे. सासूबाई म्हणतात, उगाच डोक्यावर चढवू नका. चाचणी करावी का, आणि केली तर कुणाकडे? – एक गोंधळलेली आई"

प्रिय ताई,

आधी दोन गोष्टी बाजूला काढूया. मोबाइलवरचा १५६ विसरून जा. तो कुणालाही सांगू नका, नवऱ्यालाही तो धरून बसू देऊ नका. आणि बोटांचे ठसे घेणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. ठशांवरून बुद्धी कळते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. आईबापांच्या काळजीवर असा धंदा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता तुमचा प्रश्न. कुणाकडे जायचं हे शोधण्याआधी तुम्ही दोघांनी बसून एका कागदावर लिहा: आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय? 'ती किती हुशार आहे' हे उत्तर पुरेसं नाही. ते कळलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वेगळं काय करणार? 'शाळेत लक्ष देत नाही ते कंटाळ्यानं, की खरोखरच लक्ष टिकत नाही?' हा प्रश्न झाला. 'वाचन इतकं पुढे आणि लिहिताना एवढा संताप का?' हाही झाला. 'वरच्या वर्गात बसवावं का?' हासुद्धा. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुमच्याकडे असे निदान दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. म्हणून चाचणी करावी, असंच माझं मत आहे.

एक दिलासाही देते. बुद्धी आठ-नऊ वर्षांच्या मुलाची, हात साडेपाच वर्षांचे आणि राग-रुसवा त्याहून लहान मुलाचा, असं फार हुशार मुलांमध्ये पुष्कळदा दिसतं. डोक्यात अक्षर कसं हवं ते तिला स्वच्छ दिसतं, बोटांना ते जमत नाही, आणि वही फाटते. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अशा मुलांबद्दल लिहून गेल्या आहेत: मोठ्यांची समज आणि लहान मुलाच्या भावना एकाच अंगात असणं सोपं नसतं. तेव्हा वही फाडणं म्हणजे लगेच लाडावलेपण नाही.

जायचं कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषधं देतात. बुद्धिमत्तेची चाचणी ते सहसा स्वतः घेत नाहीत. समुपदेशक बोलून मदत करतात, पण त्यांतल्या सगळ्यांना ही चाचणी घेण्याचं प्रशिक्षण नसतं. तुम्हाला हवा आहे क्लिनिकल किंवा शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ, आणि तोही लहान मुलांबरोबर रोज काम करणारा. मुलीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. मोठ्या रुग्णालयांतले बालविकास विभाग आणि विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग हेही चांगले पत्ते आहेत. शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

पहिल्या फोनवरच बरंच कळतं. विचारा: कोणती चाचणी घेता आणि तिची कितवी आवृत्ती? हे महत्त्वाचं आहे, कारण पिढ्यान् पिढ्या मुलांचे सरासरी गुण वाढत गेले आहेत. जेम्स फ्लिन या संशोधकांनी दाखवून दिलं की विसाव्या शतकात ही वाढ दर दहा वर्षांना साधारण ३ गुणांची होती. म्हणजे जुन्या आवृत्तीवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. मग विचारा: खूप पुढे असलेली मुलं तुम्ही तपासली आहेत का? घरी जी भाषा ती बोलते, ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत चाचणी होईल का? परक्या भाषेत शब्दार्थ विचारले तर तिची बुद्धी मोजली जात नाही, त्या भाषेची सवय मोजली जाते. शेवटी विचारा: अहवाल दिल्यावर आमच्याशी बसून बोलाल का? आणि मग थांबा, ऐका. समोरून 'चाचणी का करायची आहे तुम्हाला?' असा उलटा प्रश्न आला, तर माणूस कामाचा आहे. 'या शनिवारी घेऊन या, तासाभरात आकडा सांगतो' असं उत्तर आलं, तर फोन ठेवा.

वयाबद्दल माझा सल्ला जरा धीराचा आहे. डेव्हिड वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञांच्या बुद्धिमत्ता चाचण्या बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यांतल्या लहान मुलांच्या चाचणीची चौथी आवृत्ती अडीच वर्षांपासून ७ वर्षं ७ महिन्यांपर्यंत चालते. मोठ्या मुलांच्या चाचणीची पाचवी आवृत्ती ६ वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते. फार पुढे असलेल्या मुलाला लहानांच्या चाचणीत वरचे प्रश्न अपुरे पडू शकतात. सगळंच येतं आणि खरी झेप कुठवर आहे ते दिसतच नाही. मोठ्या मुलांच्या चाचणीत वर भरपूर जागा असते. शिवाय वय जितकं लहान, तितके गुण पुढे बदलण्याची शक्यता जास्त. म्हणून शाळा काही तातडीचा निर्णय मागत नसेल, तर ती सहाची होईपर्यंत थांबा. भेट मात्र आत्ताच घ्या. चाचणीशिवायही वहीबद्दल आणि मोज्यांबद्दल बोलता येतं. दरम्यान डोळे आणि कान तपासून घ्या. नीट ऐकू न येणारं मूलही 'लक्ष देत नाही'.

चाचणीच्या खोलीत काय होतं तेही सांगते, म्हणजे तुमची भीती कमी होईल. तासभर, कधी दीड तास. शब्दांचे अर्थ, चित्रांतली कोडी, ऐकलेले आकडे उलट क्रमानं सांगणं. एका भागात लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी समोरच्या चित्रासारखी नक्षी जुळवायची असते, घड्याळ लावून. तुमच्या मुलीसारखी मुलगी तिथे नक्षी बरोबर जुळवून झाल्यावरही कडा सरळ करत बसेल आणि वेळेचे गुण जातील. फक्त आकडा काढणारा माणूस गुण कमी लिहील आणि पुढे जाईल. जाणकार माणूस गुण तर तितकेच लिहील, पण अहवालात हेही लिहील की तिला जमत नव्हतं असं नाही, ती थांबायला तयार नव्हती. वही का फाटते याचं उत्तर त्या एका वाक्यात असू शकतं.

आणखी एक. या चाचण्यांच्या बऱ्याच भागांत प्रश्न अवघड होत जातात आणि मूल ओळीनं काही चुकेपर्यंत तो भाग थांबत नाही. म्हणजे हुशार मूलही अशा भागांत बहुधा आपल्याला न येणाऱ्या प्रश्नापर्यंत पोचतं. ज्या मुलीला आजवर सगळं आलंय, तिला हे पहिल्यांदा घडेल. आधीच सांगून ठेवा: 'तिथे काही प्रश्न मोठ्या मुलांचे असतात. ते कुणालाच सगळे येत नाहीत. आलं नाही तर "माहीत नाही" म्हणायचं.' 'परीक्षा' हा शब्द घरात कुणी काढू नका. आणि तयारी अजिबात करून घेऊ नका. सरावाचे संच मिळतात म्हणे. त्यांनी निकाल खोटा होतो, दुसरं काही नाही. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला.

आकड्याबद्दल थोडक्यात. सरासरी १००, १३०च्या वर शंभरात साधारण दोन मुलं असतात. पण कोणताही आकडा एकटा खरा नसतो, चांगल्या अहवालात 'या दोन आकड्यांच्या दरम्यान' असं लिहिलेलं असतं. त्याहून मोलाचे ते वेगवेगळ्या भागांचे गुण. भाषेत फार वर आणि कामाच्या वेगात मध्यम, असं निघालं तर एकत्रित आकडा फारसं काही सांगत नाही. सांगते ती या दोन गुणांमधली दरी.

तुमच्या यजमानांना लुइस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासाबद्दल जरूर सांगा. १९२१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक पाहून हुशार मुलं निवडली. विल्यम शॉकली या मुलाचे गुण कमी पडले, त्याला घेतलं नाही. १९५६ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सासूबाईंना दुखवू नका, त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं: आकडा मुलीच्या कानावर पडू नये, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. तिला एवढंच सांगा की कोडी घालणाऱ्या त्या ताईंना तू कसा विचार करतेस ते समजलं आणि आता आम्हाला तुला मदत करणं सोपं जाईल.

शाळेतल्या बाईंना या आठवड्यातच भेटा, तक्रार घेऊन नको. त्यांना दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवायची विनंती करा: मुलगी शेजाऱ्यांना त्रास देते ती काम संपल्यावर, की काम सुरूच न करता? मानसशास्त्रज्ञ हा प्रश्न विचारतीलच, आणि त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा बाईंना जास्त माहीत आहे. ती नोंद पहिल्या भेटीला बरोबर न्या.